पिवळी रेघ

थेरगावातल्या आमच्या इमारतीच्या मागे एक प्लॉट रिकामा पडून आहे. त्याच्या मालकांची आपसात कसलीशी भांडणं कोर्टात चालली आहेत, त्यामुळे तिथे अजून गवत उगवतं. दिवाळीच्या आसपास ते वाळायला लागतं. आधी टोकाला तांबूस होतं, मग आठवड्याभरात सगळंच पिवळं, आणि सकाळच्या वाऱ्यावर त्यातून कोरडी सळसळ ऐकू यायला लागते. बायको म्हणते, थंडी आली. कुणी पुराला घाबरतं, कुणी विजेला. मी वाळलेल्या गवताला घाबरतो, आणि हे कुणाला सांगायचीही सोय नाही.

गवत वाळलं म्हणजे डोंगरातल्या वाटा मोकळ्या झाल्या. पावसाळ्यात त्या वाटांवर चिखल आणि शेवाळ, उन्हाळ्यात नुसती भट्टी. दिवाळी ते होळी एवढाच काय तो आम्हा सायकलवाल्यांचा सीझन. एरवी वाढदिवसाच्या शुभेच्छांपुरता जिवंत असलेला आमचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप या दिवसांत खडबडून जागा होतो. ‘रविवारी काय?’ एवढा मेसेज पडला की खाली अंगठे उमटायला लागतात. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्यातला पहिला अंगठा माझा असायचा.

आम्ही चौघं. निवृत्तीभाऊ देहूजवळच्या एका वाडीतले, आमच्यातले एकटेच मूळचे इथले. आठवडाभर त्यांचा पिकअप कंपन्यांच्या कॅन्टीनला भाजी पोचवतो आणि रविवारी आमच्या सायकली वाहतो. गुडघा गेल्यापासून ते स्वतः चालवत नाहीत, पण रविवारी घरी बसणं त्यांच्याच्याने होत नाही. केतन आयटीतला, वयाने सगळ्यात लहान, आणि त्याची सायकल माझ्या मोटरसायकलपेक्षा महाग. दिगू रत्नागिरीकडचा, ताथवड्याच्या एका कॉलेजच्या ऑफिसात कारकून. शिडशिडीत, लहानपणी माडावर सरसर चढलेला, उंचीची भीती म्हणजे काय हे ठाऊकच नसलेला. उतारावर पहिला नेहमी दिगू. आणि मी लातूरकडचा, चाकणच्या एका कंपनीत असेंब्लीवर. वीस वर्षं मी बोल्ट आवळतो आहे.

आमच्या कामात एक पद्धत असते. बोल्ट ठरलेल्या मापाने आवळला की पिवळ्या पेंटच्या मार्करने त्याच्या डोक्यावरून खालच्या लोखंडापर्यंत एक सरळ रेघ ओढायची. पुढे कधी बोल्ट सैल झाला तर तो फिरतो आणि रेघ तुटलेली दिसते. पुढचा माणूस बोल्टला हात लावून बघत बसत नाही, रेघ बघतो. रेघ आहे म्हणजे आवळलेला आहे. उजव्या हातातली बोल्ट आवळायची गन सुटली की डाव्या हातातला मार्कर; गन, मार्कर, गन, मार्कर. पहिलं वर्षभर हे डोकं लावून करावं लागतं, नंतर हातच करतात. डोकं तोवर पोराच्या दहावीचा विचार करत असतं.

पिकअपमध्ये तीन सायकली नीट बसाव्यात म्हणून पुढचं चाक काढावं लागतं आणि हँडल सैल करून आडवं फिरवावं लागतं. वर पोचल्यावर ते पुन्हा जोडायचं. हे काम मी आपणहून अंगावर घेतलं होतं आणि खरं सांगायचं तर त्याची मला ऐट होती. कंपनीत मी हजार जणांतला कुणीतरी एक. इथे मी इन्स्पेक्टर. सगळे याच नावाने हाक मारायचे. कंपनीत वापरतात तसाच मार्कर मी बाजारातून आणला होता. हँडलचे दोन बोल्ट आवळायचे आणि त्यांवर पिवळी रेघ ओढायची.

“इन्स्पेक्टर, रेघ मारली?” दिगू विचारायचा.

“मारली.”

की हा सायकलवर टांग टाकून मोकळा. एकदाही त्याने स्वतः वाकून बघितलं नाही. मला ते फार आवडायचं.

त्या सीझनचं मला सगळं तुकड्यातुकड्यानेच आठवतं. डांगे चौकात उजाडायच्या आत टेम्पोतून उतरणाऱ्या कोथिंबिरीच्या जुड्या, त्यांचा ओला वास. मफलर गुंडाळून कंपनीच्या बसची वाट बघणारी फर्स्ट शिफ्टची माणसं, आणि आज आपण त्यांच्यात नाही याचा गुपचूप आनंद. केबिनमध्ये तिघं आणि मागे हौद्यात एक, आळीपाळीने. हौद्यात बसलं की शिळ्या भाजीचा दर्प आणि वाऱ्याने डोळ्यांतून घळाघळा पाणी. मावळात शिरलं की कापणी झालेल्या भाताच्या खाचरांवर बसलेलं धुकं, पेंढ्याचा गोडसर वास, आणि घाटातल्या टपरीवर बशीत ओतून चहा पिणारे निवृत्तीभाऊ. चहा संपेपर्यंत ते कुणाशी बोलत नसत.

आणि माथ्यावर पोचलं की ते गवत. मांडीएवढं उंच, पिवळंधमक, सगळ्या पठारभर एकाच अंगाला कललेलं. खाली धरणाचं पाणी. गवतातून हातभर रुंदीची वाट निघायची आणि कड्याच्या काठापलीकडे नाहीशी व्हायची. भीती तेव्हाही वाटायची, पण ती हवीहवीशी होती. गावच्या जत्रेत पाळण्यात बसल्यावर वाटायची तेवढीच.

मी मुळात भित्रा माणूस आहे हे या मंडळींना माहीत नव्हतं. उतारावर मी शेवटी असायचो, पण त्याला मी कारण देऊन ठेवलं होतं. अवजारं माझ्याकडे, तेव्हा कुणाचं काही बिघडलं तर मागून येणारा माणूस मीच हवा. हे सगळ्यांना पटलं होतं. हळूहळू मलाही पटलं.

त्या रविवारी निवृत्तीभाऊंच्या मुलीचं लग्न ठरल्याची बातमी ताजी होती. माथ्यावर मी सायकली जोडत होतो आणि ते शेजारच्या दगडावर बसून जेवणाचा बेत सांगत होते.

“आमच्यात मासवडी पायजेच,” ते म्हणाले. “पाव्हणं म्हनत्यात गुलाबजाम ठेवा. आता गुलाबजाम काय, कुटंबी मिळत्यात.”

“दोन्ही ठेवा की,” मी म्हणालो.

“आचारी ऐकत न्हाई ना. त्यो म्हनतो, येवड्या लोकांची मासवडी व्हायची न्हाई.”

मी शेवटी दिगूची सायकल घेतली होती. हँडल सरळ केलं, दोन्ही बोल्ट बोटांनी फिरवून जागेवर बसवले. एवढ्यात केतनला आपली सीट वर करायची होती. त्याने माझ्या हातातली बोल्ट आवळायची किल्ली, एलन की, मागितली, मी दिली. निवृत्तीभाऊ आचाऱ्याबद्दल सांगतच होते. माझा उजवा हात रिकामा झाला, आणि उजवा हात रिकामा होण्याचा अर्थ माझ्या डाव्या हाताला वीस वर्षांत एकच माहीत होता. त्याने मार्कर उचलला आणि दोन रेघा ओढल्या. सुरेख, सरळ.

“इन्स्पेक्टर, रेघ मारली?”

“मारली,” मी म्हणालो. तसं बघितलं तर हे खोटंही नव्हतं.

निवृत्तीभाऊ पिकअप घेऊन घाटरस्त्याने पायथ्याच्या गावाकडे निघाले. दिगूने पिवळं हेल्मेट चढवलं, मागे न बघता हात हलवला आणि गवतात शिरला. कड्याच्या काठाशी त्याचं हेल्मेट क्षणभर दिसलं, मग नाही. केतनने हेल्मेटचा पट्टा लावता लावता माझ्यापुढे किल्ली धरली.

“घ्या साहेब, तुमची एलन की.”

“तू कधी घेतलीस?”

“मघाशी नाही का, दिगूभाऊची सायकल जोडत होतात तेव्हा. का हो?”

का ते मी सांगितलं नाही. अजून मला याचा उलगडा होत नाही. तेव्हा तोंडातून शब्द फुटला असता तर केतनच्या पायांत माझ्या दुप्पट ताकद होती, तो विजेसारखा सुटला असता. पण सांगायचं म्हणजे मी रेघ मारली आणि बोल्ट आवळला नाही, हे वाक्य बोलायचं. त्याऐवजी मी दिगूच्या नावाने दोन हाका मारल्या. वारा उलटा होता. फोन करायचा तर त्याचा फोन नेहमीप्रमाणे पिकअपच्या डॅशबोर्डवर, निवृत्तीभाऊंबरोबर घाट उतरत असणार.

मग मी निघालो. केतनच्या आधी, त्याला बाजूला सारून.

“राव, आज कसली घाई?” तो मागून ओरडला.

त्या उताराचं मला जे आठवतं ते अजून हातांना आठवतं. सुरुवातीला मुरूम, चाकं घसरतात. मग कारवीच्या झुडपांतली बोळकांडी, दोन्ही बाजूंनी वाळक्या काड्या दंडांवर सपासप. मग ती जागा, जिथे उजवीकडे डोंगराची भिंत आणि डावीकडे काही नाही. एरवी तिथे मी उतरून चालायचो, लघवीचं निमित्त करून. त्या दिवशी उतरलो नाही. ब्रेक दाबला की चाक घसरतं, सोडला की सायकल अंगावर धावून येते. मी मोठमोठ्याने काहीतरी बोलत होतो, बहुधा देवाचं नाव, बहुधा शिव्याही.

पण सगळ्यात वाईट होती ती वळणं. प्रत्येक वळणाआधी मला वाटायचं, आता दिसणार. वाटेत आडवी पडलेली सायकल, पुढे काही नाही, आणि खाली बघायला लागणार. एका वळणावर दिसलंच. खाली घळीत, करवंदीच्या जाळीत, पिवळं काहीतरी. मी सायकल टाकून काठाशी गेलो. गुडघ्यांवर बसलो आणि हातांवर रांगत पुढे झालो. ते खताचं रिकामं पोतं होतं. वाऱ्याने फुगून बसलेलं. मी तिथे बसून रडलो, हे आज पहिल्यांदा लिहितो आहे. केतन येऊन पोचायच्या आत डोळे पुसले आणि पुन्हा निघालो.

सुषमा वहिनी डोळ्यांपुढे येत होत्या, दिगूची बायको. आदल्याच रविवारी त्यांनी माझ्यासाठी वेगळ्या डब्यातून घावणे दिले होते. त्यांना काय सांगायचं याची वाक्यं मी उतरता उतरता जुळवत होतो, आणि त्या वाक्यांतही माझं नाव कुठे येत नव्हतं. माझ्याच मनाची मला त्या दिवशी सगळ्यात जास्त भीती वाटली.

दिगू पायथ्याला ओढ्याकाठी दगडावर बसला होता. कोपर सोलवटलेलं, पँट गुडघ्यावर फाटलेली, चेहरा पिठासारखा पांढरा. सायकल शेजारी आडवी. निवृत्तीभाऊ त्याच्या कोपरावर बाटलीतलं पाणी ओतत होते.

“पडलो रे,” तो म्हणाला. “शेवटच्या वळणावर. कसा पडलो कळलंच नाही.”

“हात हालतोय न्हवं? मंग काय न्हाई झालं,” निवृत्तीभाऊ म्हणाले. “हँडल वाकडं झालंय तेवडं.”

हँडल वाकडं झालं होतं खरंच. पडल्यावर होतंच. सगळ्यांनी तसंच धरलं. “मी बघतो,” म्हणून मी खाली बसलो. दोन्ही रेघा मधोमध तुटल्या होत्या, अर्धी रेघ बोल्टवर एकीकडे, अर्धी लोखंडावर दुसरीकडे. मी हँडल सरळ केलं, दोन्ही बोल्ट किल्लीने करकचून आवळले, थुंकी लावून अंगठ्याने जुन्या रेघा खरवडून काढल्या आणि नव्या ओढल्या. हे सगळं त्या तिघांच्या देखत केलं. तिघांनाही मी नेहमीचंच काम करताना दिसलो. केतन तर म्हणाला, “मानलं साहेब, इथे पण रेघ.”

परतताना हौद्यात बसायची पाळी माझी होती. मी सायकली धरून बसलो आणि देहूरोडपर्यंत दात वाजत होते. थंडी तेवढी नव्हती.

सीझन संपला नव्हता. पुढच्या रविवारी आम्ही पुन्हा गेलो, त्याच्या पुढच्याही. मी प्रत्येक बोल्ट तीनदा तपासायचो, सायकल उलटी करून, हँडल गुडघ्यांत धरून. पण दिगू आता पहिला जात नव्हता. उतार सुरू झाला की थोडं अंतर चालवायचा, मग उतरायचा आणि सायकल हाताने धरून पायी निघायचा. कड्याच्या त्या जागी तर भिंतीला पाठ घासत.

“काय दिगूभाऊ, वरातीत निघाला काय?” केतन चिडवायचा. “पुढे वाजंत्री लावू का?”

दिगू हसायचा. म्हणायचा, “वय झालं रे आता.” अजून चाळिशी गाठायची होती त्याने. फेब्रुवारीपर्यंत तो निवृत्तीभाऊंबरोबर पिकअपमधूनच खाली यायला लागला. त्यांच्या गुडघ्याची चेष्टा करणारा दिगू आता त्यांच्या शेजारी बसून काच वर करायचा. केतन चिडवायचा तेव्हा मीही हसायचो. न हसणं वेगळं दिसलं असतं.

माझं काय झालं ते सांगतो. घरातून निघताना मी गॅसचं बटण दोनदा बघायला लागलो, मग चारदा. लाइनवर आवळलेल्या बोल्टला पुन्हा हात लावून बघायला लागलो, सुपरवायझर म्हणाला, “तुमच्यामुळे पुढची स्टेशनं थांबतात, तब्येत बरी आहे ना?” चाकणच्या चौकात सकाळी कंटेनर खोळंबलेले असतात, आमची बस त्यांच्या शेजारून मुंगीच्या पावलांनी सरकते. मी खिडकीतून त्यांच्या चाकांचे नट बघत बसतो. प्रत्येक नट कुणीतरी आवळलेला असतो, आणि आवळताना कुणीतरी त्याच्याशी आचाऱ्याबद्दल बोलत असणार. बस पुढे गेली की मला हायसं वाटतं, तोवर दुसरा कंटेनर आलेला असतो.

पुढच्या दोन सीझनला मी ओव्हरटाइमचं कारण सांगितलं. मग पाठदुखीचं. सांगायचं ठरवून मी दिगूच्या घरी निदान चारदा गेलो असेन. वहिनी चहा करायच्या, दिगू कॉलेजातल्या गमती सांगायचा, आणि मी उठून यायचो. दिवस जातील तसं सांगणं सोपं होईल असं वाटलं होतं. झालं उलटंच. पहिल्या दिवशी ती एक चूक होती, नंतर तिला चेहरा आला, मग वय आलं, आणि आता ती माझ्या घरात माझ्याआधी उठून बसलेली असते.

यंदा गवत वाळलं आणि गुरुवारी सुषमा वहिनींचा फोन आला.

“भाऊजी, मी सायकल घेतलीय. यांच्यासारखी नाही हो, साधीच. यंदा पाठीचं कारण चालायचं नाही, रविवारी मीही येणार तुमच्याबरोबर.”

“डोंगरात?”

“का, मला काय झालं? हे घाबरवतात सारखे. म्हणतात, तुला जमायचं नाही, मलाच जमत नाही. मी म्हटलं, भाऊजी रेघ मारतील ना, मग मी डोळे मिटून उतरेन.” त्या हसल्या. मग आवाज उतरवून म्हणाल्या, “मी गेले तर हेही जातील, भाऊजी. म्हणून तर घेतली सायकल. पूर्वीसारखे राहिले नाहीत हो ते. परवा गच्चीवरची टाकी बघायलासुद्धा चढले नाहीत.”

फोन ठेवला आणि मी खिडकीशी गेलो. प्लॉटमधलं गवत हलत होतं. एका माणसाची भीती मला घालवता येण्यासारखी आहे आणि त्यासाठी मला फक्त एक वाक्य बोलायचं आहे, हे इतक्या उघडपणे माझ्यापुढे कधी आलं नव्हतं. किती वेळ उभा होतो कोण जाणे, बायकोने येऊन पंखा बंद केला तेव्हा भानावर आलो.

शनिवारी दुपारी ताथवड्याला गेलो. दिगूच्या इमारतीच्या पार्किंगमध्ये वहिनींची सायकल उभी होती, सीटवरचं प्लास्टिकही काढलेलं नव्हतं. वहिनी चहा टाकायला वर गेल्या. दिगू म्हणाला, “बघून घे रे जरा. मला काही कळत नाही त्यातलं.”

मी एलन की काढली आणि आवळायला लागलो. हातांना काम होतं म्हणूनच बोलता आलं. मासवडी, आचारी, केतनने घेतलेली किल्ली, रिकामा हात, दोन रेघा. ओढ्याकाठी थुंकी लावून खरवडल्या तेही सांगितलं. दिगूकडे बघायची हिंमत नव्हती, मी बोल्टकडे बघत होतो. तो कधीच आवळून झाला होता. संपल्यावर मी म्हणालो, “तू मेला असतास, दिगू. आणि मी कुणाला सांगितलं नसतं.”

वरच्या मजल्यावर कुणीतरी मिक्सर लावला, थांबवला, पुन्हा लावला. मला वाटलं तो निघून जाईल, किंवा तोंडात मारेल. दोन्हींची तयारी होती माझी.

“हँडल थरथरत होतं,” शेवटी तो म्हणाला. “त्या कड्याच्या जागेपासून. मी जितकं घट्ट धरावं तितकं जास्त. खाली बघितलं नि वाटलं, माझेच हात कापतायत. तसं कधी झालं नव्हतं मला. म्हटलं, हे काय झालं आपल्याला.”

मी उभा राहिलो. तो तळहात वर करून त्यांच्याकडे बघत होता.

“म्हणजे हात ठीक होते माझे,” दिगू म्हणाला. “तीन वर्षं मी सुषमाला सांगतोय, मी भित्रा निघालो.”

माझ्याकडे त्याने बघितलंच नाही.